विमानाला विलंब झाल्यास अथवा उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाचे हक्क

विमानप्रवास ही एके काळी मोजक्या धनिकांची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची बाब समजली जात असे. ती स्थिती आता पालटली आहे. गोव्यात दाभोळीच्या जोडीला मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. बेळगावचे सांबरा, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा आणि हैदराबाद ही ठिकाणेही विमानसेवेने मोठ्या शहरांशी जोडली गेली आहेत. आखाती देशांत नोकरीस जाणारा तरुण, मुंबईस उपचारांसाठी निघालेला रुग्ण, मुलाखतीस बोलावणे आलेला उमेदवार, दूरच्या लेकीकडे जाणारे वृद्ध आईवडील हे सर्व आज विमानाचे प्रवासी आहेत. यांपैकी अनेकांनी तिकिटाचे पैसे काटकसर करून जमविलेले असतात.

अशा प्रवाशाचे विमान ऐन वेळी रद्द झाले म्हणजे त्याची मोठी कुचंबणा होते. आपण नेमके काय मागावयाचे, कोणाकडे मागावयाचे आणि कोणत्या आधारावर मागावयाचे हे त्यास ठाऊक नसते. परिणामी खिडकीवरील कर्मचारी जे सांगेल ते मान्य करून तो घरी परततो. वास्तविक प्रवाशांच्या या अडचणींसंबंधी निश्चित नियम अस्तित्वात आहेत. ते समजण्यास कठीण नाहीत. मात्र त्यांतील काही मर्यादा लक्षात न घेतल्यास प्रवाशाचा अपेक्षाभंग होण्याचाही संभव असतो. सबब या नियमांचे स्वरूप सर्वसामान्य वाचकांस कळावे, या हेतूने त्यांची माहिती पुढे दिली आहे.

नियम कोणाचे आणि कधीपासून?

देशातील विमान वाहतुकीचे नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. या महासंचालनालयास पूर्वी १९३४ च्या विमान अधिनियमाचा आधार होता. त्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला आहे. प्रवाशास विमानात जागा नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि उड्डाणास विलंब होणे या तीन प्रसंगी कंपनीने काय द्यावयाचे, यासंबंधीचे नियम महासंचालनालयाने प्रथम ऑगस्ट २०१० मध्ये लागू केले. त्या वेळी उड्डाण रद्द झाल्यास मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा उड्डाणाच्या कालावधीनुसार २,०००, ३,००० व ४,००० रुपये अशी होती. १ ऑगस्ट २०१६ पासून या रकमा वाढविण्यात आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी एक सुधारणा होऊन, वरच्या वर्गाचे तिकीट असूनही प्रवाशास खालच्या वर्गात बसविल्यास द्यावयाच्या परताव्याची तरतूद त्यात समाविष्ट झाली. देशांतर्गत प्रवासात हा परतावा करांसह तिकिटाच्या रकमेच्या ७५ टक्के इतका आहे.

हे नियम समजून घेण्यासाठी प्रवाशाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, नेमके काय घडले? उड्डाण रद्द झाले, उशिरा निघाले, की विमान वेळेवर जाऊनही आपणास जागा नाकारली गेली? दुसरा प्रश्न, कंपनीने ही गोष्ट आपणास किती आधी कळविली? तिसरा प्रश्न, कारण कोणते होते? या तीन उत्तरांवर प्रवाशास काय मिळेल हे ठरते.

उड्डाण रद्द झाल्यास

उड्डाण रद्द करावयाचे असल्यास कंपनीने ते शक्यतो नियोजित वेळेपूर्वी किमान दोन आठवडे कळवावे आणि प्रवाशास मान्य होईल त्याप्रमाणे दुसऱ्या विमानाची व्यवस्था करावी अथवा तिकिटाचे पैसे परत करावेत, असा नियम आहे. दोन आठवड्यांहून कमी, परंतु २४ तासांपूर्वी सूचना दिली असेल, तरीही प्रवाशास हीच निवड मिळते. या दोन्ही प्रसंगी दुसरे विमान किंवा परतावा यांपैकी काय घ्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. मात्र या प्रसंगी वेगळी रोख भरपाई मिळत नाही.

भरपाईचा हक्क उत्पन्न होतो तो अशी सूचना वेळेत न मिळाल्यास. २४ तास आधी न कळविता उड्डाण रद्द झाले, किंवा पहिल्या विमानामुळे त्याच तिकिटावरील पुढचे जोडविमान चुकले, तर प्रवाशास मान्य होईल असे दुसरे विमान, अथवा संपूर्ण परतावा व त्याखेरीज पुढीलप्रमाणे भरपाई द्यावी लागते. उड्डाणाचा नियोजित कालावधी १ तासापर्यंत असल्यास ५,००० रुपये, १ तासाहून अधिक व २ तासांपर्यंत असल्यास ७,५०० रुपये, आणि २ तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये. परंतु येथे एक महत्त्वाची अट आहे. ही रक्कम अथवा एका बाजूच्या प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच भरपाई देय होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, गोव्याहून मुंबईस जाणाऱ्या एका प्रवाशाने कर व अन्य आकार धरून ४,७०० रुपयांस तिकीट घेतले. त्यात मूळ भाडे ३,२०० रुपये व इंधन आकार ४०० रुपये होता. उड्डाणाचा नियोजित कालावधी सव्वा तासाचा होता. उड्डाण निघण्यास पाच तास असताना ते रद्द झाल्याचे त्यास समजले आणि कारण कंपनीच्या आटोक्यातील होते. कालावधीनुसार मर्यादा ७,५०० रुपयांची असली, तरी मूळ भाडे व इंधन आकार मिळून रक्कम ३,६०० रुपयेच होते. म्हणून त्याने दुसरे विमान न स्वीकारल्यास त्यास ३,६०० रुपये भरपाई मिळेल. त्याखेरीज तिकिटाचे संपूर्ण ४,७०० रुपयेही परत मिळतील. भरपाई व परतावा या दोन भिन्न बाबी आहेत, हे प्रवाशाने विसरू नये. परतावा दिला म्हणजे भरपाईचे दायित्व संपले, असे कंपनीस म्हणता येत नाही.

प्रवासी विमानतळावर येऊन पोहोचला असेल आणि दुसऱ्या विमानाची वाट पाहत असेल, तर त्या काळात त्याच्या अल्पोपाहाराची व भोजनाची सोय करणे हेही कंपनीचे कर्तव्य ठरते.

विलंब झाल्यास

विलंबाच्या बाबतीत अनेकांचा गैरसमज आढळतो. देशांतर्गत उड्डाण कितीही उशिरा निघाले, तरी केवळ विलंबाबद्दल ठराविक रोख रक्कम देण्याची तरतूद या नियमांत नाही. विलंबाच्या प्रसंगी प्रवाशाचा हक्क आहे तो सोयींचा, आणि विलंब फार लांबल्यास दुसऱ्या विमानाचा अथवा परताव्याचा.

उड्डाणाचा नियोजित कालावधी अडीच तासांपर्यंत असेल आणि विलंब २ तासांचा वा अधिक असेल, तर भोजन व अल्पोपाहार द्यावा लागतो. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणास ही मर्यादा ३ तासांची, तर त्याहून लांबच्या उड्डाणास ४ तासांची आहे. गोवा, बेळगाव, इंदूर वा वडोदरा येथून निघणारी बहुतेक देशांतर्गत उड्डाणे पहिल्या वर्गात मोडतात. म्हणजे २ तासांचा विलंब झाला की येथील प्रवाशाने जेवणाची विचारणा करण्यास संकोच बाळगू नये. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे.

देशांतर्गत उड्डाणास ६ तासांहून अधिक विलंब होणार असा अंदाज असेल, तर कंपनीने बदललेली वेळ मूळ वेळेच्या २४ तासांहून आधी कळवावी आणि प्रवाशास ६ तासांच्या आत सुटणारे दुसरे विमान किंवा तिकिटाचा संपूर्ण परतावा यांतून निवड करू द्यावी. विलंब २४ तासांहून अधिक असेल, अथवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणाऱ्या विमानास ६ तासांहून अधिक विलंब होत असेल, तर आवश्यकतेप्रमाणे हॉटेलात मुक्कामाची सोय करावी लागते. विमानतळापासून हॉटेलपर्यंत नेण्या-आणण्याचा खर्चही कंपनीकडेच असतो. रात्रीच्या उड्डाणासाठी दूरच्या गावाहून आलेल्या, शहरात कोणी नातलग नसलेल्या प्रवाशास ही तरतूद विशेष उपयोगाची आहे.

जागा नाकारल्यास

काही आसने रिकामी जातील असे गृहीत धरून कंपन्या कधी कधी आसनांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. सर्वच प्रवासी आले म्हणजे कोणास तरी मागे ठेवावे लागते. अशा वेळी कंपनीने प्रथम स्वेच्छेने जागा सोडण्यास तयार असलेल्या प्रवाशांस विचारावे आणि त्या बदल्यात त्यांना काही लाभ देऊ करावा, असा नियम आहे. असे कोणी न मिळाल्यास आणि निश्चित तिकीट असलेल्या, वेळेवर हजर झालेल्या प्रवाशास त्याच्या इच्छेविरुद्ध जागा नाकारल्यास भरपाई देय होते.

मूळ उड्डाणाच्या नियोजित वेळेनंतर एका तासाच्या आत सुटणाऱ्या विमानात जागा दिल्यास भरपाई नाही. त्यानंतरचे, परंतु २४ तासांच्या आत सुटणारे विमान दिल्यास मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, मात्र १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. दुसरे विमान २४ तासांनंतरचे असल्यास ती चौपट, मात्र २०,००० रुपयांपर्यंत असते. प्रवाशाने दुसरे विमान नाकारले, तर तिकिटाचा संपूर्ण परतावा व त्याखेरीज चौपट, मात्र २०,००० रुपयांपर्यंतची भरपाई त्यास मिळते. म्हणजे मूळ भाडे व इंधन आकार मिळून ४,००० रुपये असल्यास भरपाई अनुक्रमे ८,००० व १६,००० रुपये होईल. हीच रक्कम ६,००० रुपये असल्यास ती १०,००० व २०,००० रुपयांवर थांबेल.

या तरतुदीचे पालन होते किंवा नाही, याची तपासणी महासंचालनालय करीत असते. बंगळूर, हैदराबाद व दिल्ली येथील तपासणीनंतर जून २०२२ मध्ये एअर इंडिया या कंपनीस याच कारणासाठी १० लाख रुपयांचा दंड करण्यात आला होता. प्रवासी विहित वेळेनंतर खिडकीपाशी आला असेल, तर मात्र त्यास या नियमाचा लाभ मिळत नाही.

कंपनी केव्हा जबाबदार नसते?

वरील सर्व हक्कांस एक मोठा अपवाद आहे. कंपनीच्या आटोक्याबाहेरील असाधारण परिस्थितीमुळे उड्डाण रद्द झाले अथवा रखडले, तर भरपाई देण्याचे बंधन राहत नाही. राजकीय अस्थिरता, नैसर्गिक आपत्ती, यादवी, दंगल, पूर, स्फोट, शासनाचा आदेश, कामकाज बंद पाडणारा संप या कारणांचा नियमांत उल्लेख आहे. हवाई वाहतूक नियंत्रण, हवामान व सुरक्षाविषयक धोका यांमुळे झालेला विलंबही त्यात मोडतो. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर होणारी अतिवृष्टी, किंवा डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर व दिल्लीकडे पडणारे दाट धुके ही याची नेहमीची उदाहरणे होत.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी दिलेला निर्णय उद्बोधक आहे. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादेस पहाटे निघावयाचे एक विमान धुक्यामुळे अनेक तास रखडले आणि प्रवासी त्यात बसून राहिले. हैदराबाद येथील कायम लोकअदालतीने एका प्रवाशास १०,००० रुपये भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, कारण विलंब धुक्यामुळे झाला होता. तथापि विमानात अडकून पडलेल्या प्रवाशांच्या किमान गरजांकडे कंपनीस दुर्लक्ष करता येणार नाही आणि आपण स्वस्त भाड्याची सेवा देतो ही सबब त्यासाठी चालणार नाही, ही बाबही न्यायालयाने स्पष्ट केली. धुक्यामुळे पैसे मिळाले नाहीत, तरी माणुसकीची वागणूक मिळण्याचा हक्क संपत नाही, हा त्या निर्णयाचा सामान्य प्रवाशासाठी बोध आहे.

दुसरीकडे, प्रत्येक कारण हे आटोक्याबाहेरचे नसते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची उड्डाणे शेकड्यांनी रद्द झाली आणि ५ डिसेंबर या एका दिवशी ही संख्या हजारावर गेली. वैमानिकांच्या विश्रांतीसंबंधीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला होता. या नियमांच्या पहिल्या टप्प्यातच साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली होती. हे नियम बरेच आधी जाहीर झाले असताना त्यानुसार मनुष्यबळाची पुरेशी तजवीज झाली नव्हती. केंद्र शासनाने रद्द उड्डाणांचे परतावे ७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजेपर्यंत देण्याचा आदेश काढला आणि इतर उड्डाणांच्या भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने कंपनीस २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड केला. नियोजनातील उणीव ही अतिवृष्टी वा धुके यांच्या पंक्तीत बसत नाही, हे या प्रकरणावरून दिसून येते.

यासाठी प्रवाशाने विमानतळावरच कारण विचारून ते लेखी स्वरूपात मागून घ्यावे. खिडकीवर ‘तांत्रिक अडचण’ असे सांगितले आणि पुढे भरपाई नाकारताना ‘हवामान’ असे लिहिले, तर त्या पहिल्या कागदाचा अथवा संदेशाचा पुरावा म्हणून मोठा उपयोग होतो.

संपर्क क्रमांकाचे महत्त्व

गावोगावच्या प्रवाशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित अशी एक अट नियमांत आहे. तिकीट घेताना प्रवाशाने आपल्या संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल, तर उड्डाण रद्द झाल्याबद्दल भरपाई देण्यास कंपनी बांधील नसते.

ग्रामीण भागातील पुष्कळ तिकिटे दलालामार्फत अथवा शहरातील ओळखीच्या माणसामार्फत काढली जातात. तिकिटावर क्रमांक जातो तो दलालाचा. कंपनी उड्डाण रद्द झाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर पाठविते. दलालाने तो पाहिला नाही, किंवा पाहूनही कळविला नाही, तर प्रवासी मध्यरात्री गाडी करून विमानतळावर येतो आणि तेथे त्यास विमान नाही असे समजते. अशा वेळी ‘आम्ही चार दिवसांपूर्वीच कळविले होते’ असे कंपनी म्हणू शकते आणि भरपाईचा हक्क धोक्यात येतो. म्हणून तिकीट हाती येताच त्यावर स्वतःचा किंवा घरातील साक्षर व्यक्तीचा भ्रमणध्वनी क्रमांक आहे याची खात्री करावी. नसल्यास कंपनीच्या सेवाकेंद्रास कळवून तो नोंदवून घ्यावा. प्रवासाच्या आदल्या दिवशी उड्डाणाची वेळ पुन्हा तपासावी.

दुसरी दक्षता जोडविमानासंबंधी घ्यावी. बेळगावहून मुंबईस एक आणि मुंबईहून परदेशी दुसरे अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास, पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले तरी दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी पहिल्या कंपनीवर या नियमांनुसार येत नाही. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असल्यास परिस्थिती वेगळी असते. नोकरीवर ठराविक दिवशी रुजू व्हावयाचे असेल, तर थोडे अधिक भाडे पडले तरी एकच तिकीट घेणे हिताचे ठरते.

पैसे कसे व केव्हा मिळावेत?

भरपाई रोख, बँकेमार्फत अथवा प्रवासी सांगेल त्या अन्य मार्गाने द्यावी लागते. पुढील प्रवासाची कुपने द्यावयाची असल्यास त्यास प्रवाशाची लेखी संमती आवश्यक आहे. परताव्याच्या बाबतीतही, रक्कम कंपनीकडे पुढील प्रवासासाठी जमा ठेवावयाची किंवा नाही हे ठरविणे प्रवाशाच्या मर्जीवर आहे. कंपनीने ते परस्पर करू नये. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असल्यास परतावा ७ दिवसांच्या आत मिळावयास हवा. रोखीने घेतलेल्या तिकिटाचे पैसे ज्या कंपनी कार्यालयातून ते घेतले तेथे तत्काळ परत मिळावेत. तिकीट दलालामार्फत घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी कंपनीवरच राहते. ‘दलालाकडे जा’ एवढे सांगून कंपनीस मोकळे होता येत नाही.

परदेश प्रवासासंबंधी

आंतरराष्ट्रीय प्रवासास १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ साली त्यात सहभागी झाला व त्यानुसार हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. या करारानुसार विलंबामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची मागणी करता येते. मात्र ते नुकसान पावत्यांसह सिद्ध करावे लागते, आणि टाळण्यासाठी शक्य ते सर्व उपाय केले होते असे कंपनीने दाखवून दिल्यास तिची जबाबदारी राहत नाही. करारातील कमाल मर्यादा वेळोवेळी वाढविली जाते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशामागे ६,३०३ विशेष आहरण अधिकार इतकी आहे. विशेष आहरण अधिकार हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक होय. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.

गोव्यातील अनेक कुटुंबांची माणसे पोर्तुगाल व इंग्लंड येथे आहेत. त्यांच्यासाठी युरोपीय संघाची २००४ ची २६१ क्रमांकाची नियमावली महत्त्वाची आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणारे कोणत्याही कंपनीचे उड्डाण, आणि बाहेरून संघात येणारे युरोपीय कंपनीचे उड्डाण, यांना ती लागू होते. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात उड्डाण रद्द झाल्यास त्यात ६०० युरोपर्यंत भरपाईची तरतूद आहे. मुक्कामी ३ तास वा अधिक उशिरा पोहोचणाऱ्या प्रवाशासही अशी भरपाई मागता येते, असे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरविले. असाधारण परिस्थितीचा अपवाद तेथेही आहे. याचा अर्थ, भारतीय कंपनीच्या विमानाने फ्रँकफुर्टहून मुंबईस येताना या नियमावलीचे संरक्षण मिळते. त्याच कंपनीने मुंबईहून फ्रँकफुर्टला जाताना मिळत नाही. विलंबाबद्दल रोख रक्कम मिळते हा समज आपल्याकडे पसरला आहे, त्याचे मूळ बहुधा या परकीय नियमांत आहे.

तक्रार कोठे करावी?

प्रथम विमानतळावरील कंपनीच्या अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. त्याने समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर अथवा ॲपवर तक्रार नोंदविता येते. ही व्यवस्था नोव्हेंबर २०१६ पासून सुरू आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ हा आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. महासंचालनालय कंपनीस दंड करू शकते, परंतु तो दंड प्रवाशाच्या हाती पडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीस निघालेले एक विमान बरेच तास रखडले आणि दिल्लीतील धुक्यामुळे मुंबईस वळविण्यात आले. तेथे प्रवाशांनी धावपट्टीलगतच्या मोकळ्या जागेत बसून जेवण केल्याचे दृश्य देशभर गाजले. त्याबद्दल विमान कंपनीस १ कोटी २० लाख रुपयांचा आणि मुंबई विमानतळाच्या व्यवस्थापनासही ९० लाख रुपयांचा दंड झाला. दंडाच्या या रकमा सरकारजमा होतात. स्वतःची नुकसानभरपाई हवी असल्यास प्रवाशास स्वतःच दाद मागावी लागते.

त्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे योग्य ठिकाण होय. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार प्रवासी आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो; त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी जाण्याचे कारण नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. नियमांत ठरवून दिलेल्या भरपाईखेरीज सेवेतील त्रुटीमुळे झालेले अन्य नुकसान व मनस्ताप यांचाही विचार आयोग करू शकतो. हवाई वाहतूक ही सार्वजनिक उपयोगाची सेवा असल्याने कायम लोकअदालतीकडेही अर्ज करता येतो. त्यासंबंधीची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळू शकते.

कोणत्याही ठिकाणी दाद मागताना पुरावा लागतो. तिकीट, बोर्डिंग पास, कंपनीचे सर्व संदेश व ते मिळाल्याची वेळ, विमानतळावरील फलकाचे छायाचित्र, जेवण, हॉटेल व गाडीभाड्याच्या पावत्या, नव्याने घ्यावे लागलेले तिकीट आणि दिलेल्या तक्रारीची पोच ही कागदपत्रे जपून ठेवावीत. तिकिटावरील मूळ भाडे व इंधन आकार यांचे आकडे वेगळे नोंदवून ठेवावेत, कारण भरपाईचा हिशेब त्यांवरूनच होतो.

जाणकारांचे कर्तव्य

हे नियम अंमलात आल्यास अनेक वर्षे लोटली असली, तरी ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे अशा प्रथमच विमानाने जाणाऱ्या प्रवाशांपर्यंत ते पुरेसे पोहोचलेले नाहीत. गावात तिकीट वाचून दाखविण्यासाठी लोक शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे वा पंचायतीच्या कार्यालयात येतात. त्या वेळी तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक आहे किंवा नाही एवढे जरी पाहिले गेले, तरी पुढील पुष्कळ अनर्थ टळेल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून अशा तक्रारीचा नमुना अर्ज लिहवून घेतल्यास भाषेच्या अभ्यासाबरोबर नागरिकशास्त्राचाही पाठ होईल आणि घरात प्रसंग आला असता तो विद्यार्थीच उपयोगी पडेल.

हवामान कोणाच्या हाती नाही आणि प्रत्येक विलंबामागे कोणाचा दोष असतो असेही नाही. परंतु माहिती वेळेवर देणे, अडकलेल्या प्रवाशास अन्न व निवारा देणे, आणि देय असलेली रक्कम विनातक्रार देणे या गोष्टी सर्वस्वी कंपनीच्या हातातील आहेत. त्यांची मागणी प्रवाशाने शांतपणे, लेखी स्वरूपात आणि नियमाचा आधार दाखवून करावी. अशी मागणी टाळणे कोणत्याही कंपनीस सोपे जात नाही.